पेनाची भिशी

आमच्या फ्रिजच्या दारात, दह्याच्या भांड्याशेजारी, एक पेन असतं. लिहायचं नाही, टोचायचं. ते पहिल्यांदा घरात आलं तेव्हा आईनं ते स्टीलच्या डब्यात घातलं, वर घट्ट झाकण लावलं आणि आम्हाला बजावलं की पाण्याची बाटली काढताना डब्याला धक्का लागता कामा नये. सोन्याची एवढी काळजी घेतलेली मी बघितली नाही. तसं सोनंही घरात फारसं नव्हतं म्हणा.

"तुझ्या पेनानं आजवर काय झालं न्हाय," ती मला म्हणाली. "आता ह्या पेनानं हुतंय का बघू."

मी पत्रकं लिहिते. कॉलेजपासून लिहितेय. रेशनवर, बसच्या पासावर, सरकारी दवाखान्यात बाहेरून आणायला लावलेल्या औषधांवर. बिंदू चौकात उभी राहून वाटते. लोक घेतात, वाचतात, काहीजण पुढच्या गाड्यावर त्यातच शेंगा बांधून घेतात. आईनं हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि तेव्हापासून घरात शेंगा आणल्या की ती कागद उलगडून बघते, माझं लिखाण आहे का म्हणून.

आई भाकऱ्या करते. दोन खानावळींना तिच्या भाकऱ्या जातात. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, गॅससमोर उभ्यानं. बसून भाकरी थापणाऱ्या बायका मी कोडोलीला, आईच्या माहेरी बघितल्यात, पण खानावळीच्या भाकऱ्या बसून उरकत नाहीत. उभं राहून राहून तिचे गुडघे गेले. उजवा पाय तर बाहेरच्या बाजूला असा वाकला की ती चालायला लागली की वाटायचं, डोक्यावर काहीतरी जड आहे आणि ते आम्हालाच दिसत नाही. त्यात शुगर. त्यात वजन.

माझ्या आईला बारीक व्हायचं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं ज्यानं त्यानं तिला तेच विचारलं. तिला उभं राहायचं होतं. तेवढंच.

हाडांच्या डॉक्टरनं फिल्म बघितली, तिच्याकडं बघितलं आणि सांगितलं की गुडघा बदलावा लागेल, पण एवढ्या वजनावर तो हात लावणार नाही. वजन उतरवा, शुगर खाली आणा, मग या. इथवर ठीक होतं. ऑपरेशन त्याला करायचंय, धोका त्याला कळतो. पण आम्ही उठताना तो म्हणाला, "तोंडावर ताबा ठेवा, मावशी."

आई हसली. बाहेर पायऱ्या उतरताना, कठडा धरून, एकेक पाय टेकवत ती म्हणाली, "दिवसभर भाकरी मी करतो. खातो कवा, ते त्यानं येऊन बघावं."

खरंच बघावं. सकाळचा चहा, अकराच्या सुमाराला तव्यावर मोडलेली एखादी भाकरी, ती पण उभ्याउभ्या, चटणीला पुसून. माणसं समोर बसलेल्या बाईचं अंग बघतात आणि तिच्या ताटाचा हिशेब परस्पर मांडून मोकळी होतात. ह्या आमच्या गावात अंगाचं कौतुक भारी, पण अंग कुणाचं आहे ते बघून. तालमीतल्या पोराच्या पुढ्यात दूध, तूप, बदाम आले की त्याला खुराक म्हणतात. बाईनं दुसरी भाकरी घेतली की "लईच सुटलीस की गं" म्हणतात. पैलवान अंग धरतो आणि बाई सुटते. भाषेतच लबाडी आहे.

शुगरच्या डॉक्टरनं ते इंजेक्शन लिहून दिलं. आठवड्यातून एकदा पोटाला टोचायचं, एका पेनात महिन्याचे चार डोस. भूक मरते, शुगर खाली येते, वजन उतरतं. सुरुवात थोड्या डोसनं करायची, मग दर महिन्याला चढवत न्यायचा. महिन्यामहिन्याचे डोस त्यानं चिठ्ठीवर एकाखाली एक लिहून दिले.

"चढवत म्हंजे पैसं बी चढणार?" आईनं विचारलं.

"थोडेसे," डॉक्टर म्हणाला.

त्या थोडेशात आईच्या महिनाभराच्या भाकऱ्या जवळजवळ सगळ्या जात होत्या. मेडिकलवाल्यानं भाव सांगितला तेव्हा मला वाटलं तो वर्षाचा सांगतोय. आईनं मात्र न डगमगता, मेथीची पेंडी हातात धरून विचारावं तसं विचारलं, "पावणं, ह्यात काय कमी-जास्त?"

"मावशी, ही काय मंडई हाय व्हय?"

"मंडईत निदान दहा गाडं असत्यात," आई म्हणाली. "हितं एकच हाय, म्हणून तर विचारालोय."

पेटंट ह्या विषयावर मी पुढं चार पानं लिहिली. तिनं दुकानाच्या पायरीवर एका वाक्यात उरकलं होतं.

मग मी स्वस्ताच्या मागं लागले. जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेच्या दुकानात गेले. तिथं आईच्या शुगरच्या रोजच्या गोळ्या निम्म्याहून कमी पैशांत मिळाल्या, त्या आजही तिथूनच आणतो, कुणाला ठाऊक नसेल तर त्यानंही आणाव्यात. पण इंजेक्शनचं नाव काढल्यावर दुकानातल्या बाईनं मान हलवली. मेडिकलवाल्याकडच्या पेनाच्या खोक्यावर एक चौकोनी कोड होता, तो मोबाईलनं स्कॅन केला की कंपनीची सवलत मिळते असं कळलं. केला. नाव विचारलं, वय विचारलं, मग विचारलं, तुमचं ध्येय काय. खाली पर्याय दिलेले. लग्नसमारंभ. आत्मविश्वास. आवडते कपडे. गॅससमोर उभं राहणे हा पर्याय नव्हता. मी आत्मविश्वास दाबलं आणि पहिलं पेन सवलतीत मिळालं. दुसऱ्यापासून पूर्ण भाव. पहिल्या घासाला गूळ आणि मग नुसतीच भाकरी, तीही आपण त्यांच्या घरी पोचवायची.

एका जिमवाल्यानं सांगितलं, त्याच्याकडं बाटलीतलं येतं, पाव किमतीत, लेबल नसतं पण माल तोच. मी ते घरी नुसतं बोलून दाखवलं. वडील शिरोलीला फौंड्रीत आहेत, घरात फारसे बोलत नाहीत. त्या दिवशी ताटावरून मान वर करून म्हणाले, "भंगार बी तपासून घेतोय आम्ही भट्टीत घालताना. हे तुझ्या आईच्या पोटात घालणार व्हय?"

तो विषय तिथं संपला. मी चिडून पत्रक लिहायला घेतलं. मथळा दिला, 'भूक मारायलासुद्धा पैसे लागतात'. मला तो फार आवडला होता. आईला वाचून दाखवला.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "आता हे टोचून घेऊ व्हय?"

पुढचं सगळं माझ्या पाठीमागं घडलं. गल्लीत आईची भिशी होती, चौघींची. दर महिन्याला चौघींनी ठरलेले पैसे टाकायचे, डब्यातून चिठ्ठी काढायची, जिचा नंबर लागेल तिनं सगळे उचलायचे, आणि चौघींचे नंबर झाले की पुन्हा पहिल्यापासून. डबा शेजारच्या वैनींकडं. वैनी साड्यांना फॉल-पिको करतात. पायाचं मशीन चालवून त्यांचेही गुडघे आईच्याच वाटेवर. बाकीच्या दोघी मागच्या गल्लीतल्या जावा-जावा. चौघींनाही शुगर, चौघीही सुटलेल्या. तर ह्या चौघींनी असं ठरवलं की आता भिशी पैशाची नाही, पेनाची. जिचा नंबर लागेल तिला त्या महिन्याचं पेन.

मला कुणी सांगितलं नाही. का, तर मी भाषण करते म्हणून. फ्रिजमधला डबा रिकामा दिसला तेव्हा मी विचारलं, तर आई म्हणाली, "डॉक्टर थांब म्हणालाय." माझ्या आईला खोटं बोलता येत नाही असं मी समजत होते. येतं, चांगलं येतं.

सवलतीच्या पेनावर आईचा पहिला महिना झाला होता, तोच तिचा पहिला नंबर धरला. पुढचे तीन महिने बाकीच्या तिघींचे. त्यांच्यासाठी वैनींनी आईच्याच चिठ्ठीवर तीन वेळा पहिल्या महिन्याचं, कमी डोसचं पेन आणलं. बाई मोठी हुशार, नव्या माणसाला एकदम जास्त द्यायचं नाही एवढं तिनं चिठ्ठी बघून ओळखलं होतं. मग पाचव्या महिन्यात आईचा नंबर पुन्हा लागला. आता आईनं कुठलं पेन घ्यायचं?

चौघींनी बसून विचार केला आणि भिशीच्या कायद्यानं निकाल दिला. भिशीत हप्ता भरत राहिलं की मधले महिने बुडत नाहीत. नंबर कधीही लागो, तुमचे सगळे हप्ते धरले जातात. आईनं एकही हप्ता चुकवला नव्हता. म्हणजे तिचे चार महिने झालेच. म्हणजे तिला पाचव्या महिन्याचा डोस. चिठ्ठीवर पाचव्या महिन्यासमोर जे लिहिलं होतं ते मेडिकलवाल्यानं काढून दिलं. पैसे पूर्ण होते, त्याला विचारायचं काय कारण.

टोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आई तव्यासमोर खाली बसली. पडली नाही, बसली, आणि तिला उठता येईना. ज्वारीच्या पिठाच्या वासानं तिला उलटी झाली, मग पाण्यानं झाली, मग काही न घेता होत राहिली. मी धावत आले तेव्हा तव्यावरची भाकरी जळून काळी झाली होती आणि तसल्या अवस्थेत ती मला हातानं खूण करत होती, गॅस बंद कर, गॅस.

वैनी आल्या. दोघींनी मिळून तिला रिक्षात घातलं. दवाखान्यात सलाईन लावलं. अंगातलं पाणी गेलं होतं, किडनीवर ताण आला होता. तरुण डॉक्टर होता, माझ्याच वयाचा. त्यानं चिठ्ठी बघितली आणि विचारलं, "मध्ये गॅप पडला होता का?"

"न्हाय वो," वैनी म्हणाल्या. "गॅप कसला. दर महिन्याला हप्ता भरलाय."

"हप्ता? इंजेक्शनचा?"

"भिशीचा."

त्याला काही कळेना. मला कळलं. त्या एका शब्दात मला मागचे पाच महिने कळले. मी त्याला समजावून सांगितलं, आणि तो हसला. वाईट माणूस नव्हता, पण हसला, आणि पलीकडच्या टेबलावरच्या दुसऱ्या डॉक्टरला म्हणाला, "ऐक की, ह्यांनी भिशी लावली पेनाची."

मी म्हटलं, हसायचं थांबवा. म्हटलं, ह्या चौघींना औषधाबद्दल जेवढं सांगितलं गेलं तेवढ्याचा त्यांनी तंतोतंत हिशेब केलाय. मध्ये सोडलं तर पुन्हा खालून सुरू करायचं, हे त्यांना कुणी सांगितलं? शुगरच्या डॉक्टरनं नाही. मेडिकलवाल्यानं नाही. खोक्यातल्या कागदावर असेल, पण तो कागद इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, साडीसारखा घडीवर घडी घालून ठेवलेला. आणि आम्ही पैसे नाहीत म्हणून तुमच्याकडं आधीच आलो असतो तर फी घेऊन तुम्ही काय सांगितलं असतं? परवडत नसेल तर घेऊ नका. एवढंच ना?

तो खुर्ची ओढून वैनींच्या समोर बसला आणि त्यानं सगळं नीट सांगितलं, मराठीत. एवढा खंड पडला की शरीराची सवय मोडते, जुना डोस त्याला नवा असतो. पुन्हा डॉक्टरला विचारून तळापासून चढावं लागतं. वैनी ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि एक पेन दोघीत? सुई बदलून?"

"अजिबात नाही. सुई बदलली तरी रक्त आत येऊ शकतं. एकाचं पेन एकालाच."

वैनींनी मान हलवली. नंतर रिक्षात मला म्हणाल्या, "पुढच्या फेरीला तेच करायचं ठरलंतं."

आई घरी आल्यावर चौघी आमच्या स्वयंपाकघरात जमल्या. मी तयारीत होते. कंपनी, सरकार, दवाखाने, सगळ्यांना घेऊन मी बोलायला तोंड उघडलं आणि वैनी म्हणाल्या, "तू थांब वाईच." डबा त्यांनी मांडीवर घेतला होता. झाकण न काढता म्हणाल्या, "आता चिठ्ठी न्हाय. सलग हिचाच नंबर. ऑपरेशन हुस्तवर."

"आणि तुमचं गुडघं?" आई म्हणाली.

"माझं मशीन बसून चालतंय. तुझी भाकरी उभ्यानं हुती."

जावांपैकी धाकटी म्हणाली, "आणि आमचं नवरं दिवसभर चौकात उभं राहून काय करालेत, ते बी बघू मग." सगळ्या हसल्या. आई हसली नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "मी न्हाय घेणार."

"तुला विचारलंय कोण?"

लोकांनी मला नंतर सांगितलं की किती छान, किती एकी. मला त्यात छान काही दिसत नाही. चार बायकांपैकी कुणाचा गुडघा आधी वाचवायचा हे फॉल-पिकोच्या मशीनशेजारच्या डब्यावर ठरलं. हे ठरवायचं काम त्यांचं नव्हतं. ते ज्यांचं आहे त्यांनी केलं नाही, म्हणून ह्यांना चांगुलपणा दाखवावा लागला. गरिबाच्या चांगुलपणावर कितीजणांचे धंदे चाललेत ते एकदा मोजायला हवं.

त्यानंतर काही दिवसांनी त्या औषधाचं पेटंट संपलं. देशातल्या कंपन्यांची पेनं आली आणि भाव धाडकन खाली आला. टीव्हीवर सांगितलं, पेपरात आलं. शुगरच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर मात्र तेच जुनं, महागाचं नाव. मी आईला घेऊन गेले आणि विचारलं, नवीन आलंय ते हेच औषध आहे का.

"औषध तेच आहे, पण..."

"पण काय?"

"माझा त्याचा अजून अनुभव नाही."

"आम्हाला भावाचा आहे," मी म्हटलं. "कंपनीचं नको, औषधाचं नाव लिहा."

त्यानं चष्मा काढून पुसला. आई मला टेबलाखालून चिमटे काढत होती. शेवटी त्यानं लिहिलं, तळाच्या डोसपासून, आणि दर महिन्याला दाखवायला या म्हणाला. ते बरोबर बोलला, आणि आम्ही तसं केलं. बाकीच्या तिघींनाही मी त्याच्यासमोर बसवलं, प्रत्येकीची स्वतःची चिठ्ठी पाहिजे म्हणून. तिथं कळलं की थोरल्या जावेला पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली होती. डॉक्टर म्हणाला, तुम्ही ह्या इंजेक्शनच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. भिशीत तिनंही एक पेन उचललं होतं. तिला काही झालं नाही ते नशीब. नशिबावर पत्रक लिहिता येत नाही.

मेडिकलवाला म्हणाला, "तसलं पेन आम्ही ठेवत न्हाय. मागणी न्हाय."

वैनी काउंटरला हात टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मागणी न्हाय? मग ही काय हुबी हाय?"

त्यानं फोन लावला. दोन दिवसांत माल आला, तोही दोन वेगवेगळ्या कंपन्यांचा. दर महिन्याला आमच्याकडूनच घेणार असाल तर आणखी थोडं कमी करतो म्हणाला. आईनं दोन्ही खोकी हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली.

"आता मंडई झाली बघा, पावणं," ती म्हणाली.

तरीही थोरली सोडून उरलेल्या तिघींची पेनं एकदम घेण्याएवढी मंडई काही झाली नव्हती. चढता डोस आणि दर महिन्याची डॉक्टरची फी धरता भिशीत भाव बसत होता तो एकीचाच, तो आईचा. पुढचे महिने तिनं नाकाला पंचा बांधून भाकऱ्या थापल्या, कारण पिठाचा वास सोसत नव्हता. भूक मेलेली बाई दोन वेळा दुसऱ्यांची भूक तव्यावर शेकत होती. वजन उतरलं. शुगर उतरली. गल्लीतल्या बायका विचारू लागल्या, काय करालीस गं, लई बारीक दिसालीस. आई सांगायची, "भिशी लावलोय."

हाडांच्या डॉक्टरकडं आम्ही पुन्हा गेलो तेव्हा वैनी सोबत होत्या. आईला काट्यावर उभं केलं. डॉक्टरनं आकडा बघितला, रिपोर्ट बघितले आणि खूश झाला. "बघा," तो म्हणाला, "मनात आणलं की होतं, मावशी."

माझ्या तोंडात जे आलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण आई माझ्या आधी बोलली.

"मनात न्हाय वो, डॉक्टर," ती म्हणाली. "भिशीत आणलं."

त्याला ते कळलं नाही. त्यानं ऑपरेशनची तारीख लिहून दिली.

बाहेर त्याच पायऱ्या. वैनी त्या उलट्या उतरतात, कठड्याकडं तोंड करून, लहान पोर माडीवरून उतरतं तसं. तसं केलं की गुडघ्याला कमी कळ लागते. आई एक पायरी खाली उभी राहून त्यांचा हात धरून होती.

"आता पुढल्या महिन्यापासनं तुझा नंबर," आई म्हणाली.

"बघू की," वैनी म्हणाल्या. "पयला तुझं पाय धड चालू देत. मला धरायला कोण तरी पायजे."

मी वर उभी होते, तारखेचा कागद घेऊन. खाली दोघी एकेक पायरी मोजून उतरत होत्या आणि मागं थांबलेला एक माणूस घड्याळाकडं बघून म्हणाला, "जरा लवकर की, मावशी." त्याला मी काय म्हणाले ते गल्लीत अजून सांगतात.